पंपाला आराम मानवत नाही

कमी काम दिलं की यंत्र जास्त टिकतं, असं आपण सगळेच धरून चालतो. बाईक ताशी ४०च्या आत ठेवली तर इंजिन टिकतं, मिक्सरमध्ये अर्धंच वाटण घातलं तर मोटर तापत नाही, फोनवर गेम खेळला नाही तर बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. बहुतेक ठिकाणी हे खरंही आहे. सेंट्रिफ्युगल पंपाच्या बाबतीत मात्र नाही. हा पंप म्हणजे काही दुर्मीळ वस्तू नव्हे. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाणी चढवणारा तोच, विहिरीच्या काठावर बसवलेला बहुधा तोच, आणि केमिकल कारखान्यात तर वीस पावलं चाललात की एक भेटतो. त्याच्या मापापेक्षा खूपच कमी पाणी त्याच्यातून नेलं, की तो थरथरायला लागतो. मग सील गळतं, बेअरिंग जातं, एखाद्या वेळी शाफ्टच तुटतो.

इंजिनिअरिंगला असताना यावर चार मार्कांचा प्रश्न यायचा. उत्तर पाठ होतं. त्या चार मार्कांवर एखाद्या माणसाची नोकरी टांगलेली असू शकते, हे मात्र कोकणातल्या एका एमआयडीसीत मेंटेनन्सला लागल्यावर पाहिलं.

पंपाचा नंबर १०४. वायू धुणाऱ्या दोन टॉवरना सौम्य कॉस्टिकचं पाणी पुरवणं हे त्याचं काम. मी रुजू झाले तोवर चौदा महिन्यांत त्याचं मेकॅनिकल सील सहा वेळा बदललं गेलं होतं. कॉम्प्युटरवरच्या ब्रेकडाऊन रेकॉर्डमध्ये ‘कारण’ असा रकाना असतो. त्यात सहाही वेळा एकच शब्द होता: फिटिंग. म्हणजे सील चांगलं, पंप चांगला, बसवणाऱ्याने नीट बसवलं नाही.

बसवणारे होते मामा. सगळा प्लँट त्यांना मामाच म्हणायचा. पन्नाशी ओलांडलेली, गाव तासगावकडचं, आणि नोकरी कंत्राटदाराकडे. एका सीलची किंमत त्यांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती. सहाव्या सीलनंतर वरून पत्र निघालं होतं, की पुढचं सील वर्षाच्या आत गेलं तर पैसे कंत्राटदाराच्या बिलातून कापले जातील. कंत्राटदाराने त्या पत्राचं साध्या मराठीत भाषांतर केलं होतं: “आता गळलं तर तुम्ही घरी.”

मी त्यांना विचारलं, “मामा, तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय मॅडम. सील हातात घ्यायच्या आधी मी हात साबणाने धुतो, एवढं मला ठाऊक आहे.”

हात धुण्याचं कारण सांगते. मेकॅनिकल सील म्हणजे दोन चकत्या. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर बसते. दोघींचे चेहरे आरशासारखे घासलेले, एकमेकींवर टेकलेले. त्यांच्यामध्ये द्रवाचा जो पापुद्रा राहतो त्याची जाडी असते एखादा मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. बोटावरचा धुळीचा कणही या दोघींच्या संसारात धोंड्यासारखा पडतो. आणि शाफ्ट त्या जागी ५० मायक्रॉनपेक्षा जास्त वाकता कामा नये, असा नियम आहे. म्हणजे केसाच्या जाडीइतकंही नाही.

तेव्हा प्रश्न असा होता, की १०४चा शाफ्ट वाकतोय का, आणि वाकवतंय कोण.

आता पंप आतून बघू. एका चकतीवर वाकडी पाती असतात, हा इम्पेलर. पाणी त्याच्या मधल्या भोकातून आत येतं. मोटर मिनिटाला २९०० फेरे मारते, पाणी पात्यांवरून सरकत बाहेर भिरकावलं जातं, आणि भोवतीच्या शंखासारख्या केसिंगमध्ये गोळा होऊन पाइपला लागतं. झालं. झडप नाही, दट्ट्या नाही.

पाती वाकडी का, याची गोष्ट जुनी आहे. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्ड नावाच्या इंग्रजाने वाकड्या पात्यांचा पंप मांडला. तिथे तुलना झाली. सरळ पाती लावल्यावर घातलेल्या शक्तीपैकी २४ टक्के पाणी उचलण्याच्या कामी आली, वाकड्या पात्यांनी ६८ टक्के. तेव्हापासून पात्याचा कोन हा पंपाचा आत्मा होऊन बसला. पण कोन हा कशाच्या तरी संदर्भात असतो. कोणत्या वेगाने येणाऱ्या पाण्यासाठी हा कोन? डिझाइन करणाऱ्याला एक आकडा धरावा लागतो, आणि पाती त्या एका आकड्यासाठी वळवलेली असतात.

पावसात बाईक चालवली असेल तर पुढचं लगेच कळेल. टपोरे थेंब वेगाने खाली येतात, ते डोक्यावर आणि खांद्यावर बसतात. त्याच वेगाने जाताना बारीक भुरभुर असेल तर ती थेट तोंडावर आडवी येते, कारण ती सावकाश खाली उतरते आणि तुमचा वेग तेवढाच असतो. पंपाचंही हेच. मोटर फेरे कमी करत नाही. व्हॉल्व दाबून तुम्ही पाणी कमी केलंत, की पाणी सावकाश आत येतं आणि पात्याला ते आडवं येऊन लागतं. पात्याच्या धारेवरून गुळगुळीत सरकण्याऐवजी ते सुटतं, भोवरा होतो. आणखी कमी केलंत तर आत गेलेलं काही पाणी गरगरत उलट बाहेर येतं, सक्शन पाइपमध्ये. तिथून येणाऱ्या पाण्याशी त्याची झटापट होते आणि ते पुन्हा आत ओढलं जातं. याला सक्शन रिसर्क्युलेशन म्हणतात. या भोवऱ्यांच्या पोटात दाब इतका कमी होतो की गार पाण्यातही वाफेचे बुडबुडे धरतात, आणि जरा जास्त दाबाच्या जागी आले की फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूवर सुईएवढी टोच बसते.

पंपाच्या शेजारी उभं राहिलं की हा आवाज येतो. खडखड, मध्येच थांबणारी, पुन्हा येणारी. पंपात कुणी मूठभर खडी टाकली असावी तशी. १०४ असाच वाजायचा.

दुसरी भानगड बाहेरच्या शंखात होते, आणि माझ्या मते शाफ्टचा खरा वैरी तीच. शंख एका टोकाला अरुंद आणि पुढे रुंद होत जातो, कारण पुढे पुढे त्यात जास्त पाणी जमा होत असतं. ठरलेलं पाणी आलं तर शंखभर पाण्याचा वेग सारखा राहतो. वेग सारखा म्हणजे दाब सारखा, म्हणजे इम्पेलरला सगळीकडून सारखंच दाबलं जातं. पाणी कमी आलं तर तोच शंख त्याला ढगळ होतो. पुढे पुढे पाणी मंदावतं आणि मंदावलेल्या पाण्याचा दाब वाढतो. एका बाजूला दाब जास्त, दुसरीकडे कमी. इम्पेलर एका बाजूला ढकलला जातो, कायम त्याच बाजूला.

किती ढकलला जातो, याचं स्टेपानॉफ यांचं एक जुनं सूत्र आहे. १०४चा इम्पेलर २१० मिलीमीटरचा, हेड ५० मीटर, उत्तम चालायला हवं तासाला १०० घनमीटर पाणी. फ्लोमीटर दाखवत होता ३०. मी आकडे घातले तर नव्वदेक किलो आले. शाफ्टच्या पुढच्या टोकाला, जिथे आधाराला काही नाही, तिथे एक धडधाकट माणूस लोंबकळतोय, आणि शाफ्ट त्याला घेऊन फिरतोय. ढकलणारा जागचा हलत नाही, शाफ्ट फिरतो. त्यामुळे शाफ्टचा प्रत्येक कण एका फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. मिनिटाला २९०० वेळा, दिवसाला ४१ लाखांहून जास्त वेळा. तार पुढेमागे वाकवून तोडतो ना, ते तंत्र.

यात भर म्हणून रिसर्क्युलेशनचे धक्के. ते एका लयीत येत नाहीत, आणि शाफ्टला पुढेमागेही हलवतात. बिचाऱ्या सीलच्या दोन चकत्या यात टिकतील कशा?

हे सगळं कागदावर ठीक होतं. पण साहेबांकडे दोन मुद्दे होते आणि दोन्ही वरवर बिनतोड होते. पहिला, मोटर फक्त २२ अँपिअर घेते, ३९ची मोटर आहे, म्हणजे पंप आरामात चाललाय. दुसरा, कंपनीने दिलेल्या कागदावर किमान फ्लो १० लिहिलाय, आपण ३०वर आहोत, तिप्पट.

पहिला मुद्दा मजेशीर आहे. या पंपात पाणी कमी झालं की करंट खरोखरच कमी होतो. कमी करंट म्हणजे पाणी कमी ढकलतोय, एवढंच. आतली झटापट अँमीटरला दिसत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात खरी गोम होती. किमान फ्लो दोन प्रकारचा असतो. व्हॉल्व पूर्ण बंद ठेवून पंप चालवला तर मोटरची सगळी शक्ती आतल्या पाण्याला तापवण्यात जाते. १०४मध्ये दहाएक लिटर पाणी मावतं. त्यात आठ किलोवॉट ओतले तर मिनिटाला सुमारे ११ अंश. केसिंगचं लोखंड काही उष्णता खाईल, तरी थोड्याच वेळात तुम्ही पंप नाही, बॉयलर चालवत असता. दोन्हीकडचे व्हॉल्व बंद राहून पंप फुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हे होऊ नये म्हणून जेवढं पाणी लागतं तो एक किमान फ्लो, आणि तो फारच थोडा असतो. कागदावरचे १० हे ते. ३०वर पाणी जेमतेम ०.२ अंश तापतं, तिथे भीती नाही. पण पंप धडपणे, न थरथरता चालायला हवं असलेलं किमान पाणी वेगळं आणि कितीतरी जास्त. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं ६१० क्रमांकाचं मानक हे दोन्ही वेगळे सांगतं, आणि पंप उत्तम बिंदूच्या ७० ते १२० टक्क्यांमध्ये चालवावा म्हणतं. आमच्या कागदावर एकच रकाना होता.

“पुस्तकातलं ठीक आहे,” साहेब म्हणाले, “आपल्या पंपात हेच होतंय कशावरून?”

प्रश्न रास्त होता. आणि उत्तर मामांच्या वहीत होतं. शंभर पानी वही, कव्हरवर कुठल्याशा पतसंस्थेची जाहिरात. कुणी सांगितलेलं नसताना मामा प्रत्येक कामाचं लिहून ठेवायचे. अलाइनमेंट करताना डायल गेजवर आलेले आकडे सहाही वेळचे होते, सगळे मर्यादेत. त्याखाली दर वेळी एक ओळ: ‘रिंग डाव्या अंगाला खाल्ली.’ इम्पेलरभोवती केसिंगमध्ये एक पितळी रिंग असते. ती सहाही वेळा एकाच बाजूला घासलेली, आणि इम्पेलरवरची तिची जोडीदार मात्र गोल सगळीकडून सारखी. शाफ्टच वाकडा असता तर उलटं झालं असतं, फिरणारी रिंग एका जागी घासली असती आणि जागेवरची सगळीकडून. म्हणजे शाफ्ट सरळ होता, बसवलेला बरोबर होता, आणि आतून त्याला कुणीतरी सतत एकीकडे रेटत होतं. फिटिंग चुकलं नव्हतं, हे ज्याच्यावर आळ होता त्याच्याच अक्षरात चौदा महिने पडून होतं. ती वही कुणी मागितली नव्हती.

सातवं सील गळायच्या आधीच आम्ही शटडाऊनमध्ये पंप उघडला. इम्पेलरच्या भोकातून बघितलं तर पात्यांचा जो चेहरा सरळ दिसतो तो गुळगुळीत. नेहमीचं कॅव्हिटेशन, म्हणजे सक्शनला पाणी अपुरं पडून होणारं, या दिसणाऱ्या बाजूला खातं. रिसर्क्युलेशन मागच्या, पाणी ढकलणाऱ्या बाजूला खातं, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मामांनी डेंटिस्टकडे असतो तसा छोटा आरसा आत घातला, टॉर्च धरला आणि नुसतेच बाजूला झाले. मी वाकून पाहिलं. मागची बाजू वाळवीने खाल्लेल्या फळीसारखी झाली होती.

हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही, कारण दोन्हीचे उपाय बरोबर उलट आहेत. सक्शन अपुरं असेल तर डिस्चार्जचा व्हॉल्व थोडा दाबला की आवाज कमी होतो. ऑपरेटरना हेच शिकवलेलं असतं. त्यामुळे १०४ खडखडला की शिफ्टमधला ऑपरेटर व्हॉल्व अजून दाबायचा. जो पंप कमी पाण्याने आजारी होता त्याचं पाणी आणखी तोडलं जात होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी शिकवलेलंच केलं.

पंप जोडल्यावर आम्ही उलटं करून पाहिलं. प्लँट सुरू करतानाची, टाकीत परत जाणारी एक जुनी लाइन होती. ती सावकाश उघडली. फ्लो ३०वरून ७०वर. करंट २२वरून २८वर. व्हायब्रेशन सेकंदाला ८ मिलीमीटरवरून साडेतीनवर. आणि खडखड थांबली. शेजारच्या पंपावरचा ऑपरेटर मान वर करून बघायला लागला, १०४ बंद पडला की काय म्हणून.

मामा हसले. “हे तर आमच्या ठिबकचं झालं मॅडम.”

द्राक्षबागेत ठिबकला पंपाजवळ एक बायपास व्हॉल्व असतो. सगळी बाग एकदम भिजवायची नसते, एकेक भाग चालू करतात. एका भागाला पंपाचं सगळं पाणी लागत नाही, दाब वाढतो. मग बायपास थोडा उघडायचा आणि जास्तीचं पाणी परत विहिरीत सोडायचं. मामांच्या भावाच्या बागेत हे रोज चालतं. कारखान्यात मात्र या एका पाइपसाठी तीन मीटिंगा झाल्या.

मुळात एवढा मोठा पंप आलाच कसा? जुनी फाइल काढली. दोन टॉवरना मिळून लागत होते ६० घनमीटर. प्रोसेसवाल्यांनी हात राखून १५ टक्के वाढवले: ६९. प्रोजेक्टवाल्यांनी उद्याच्या विस्तारासाठी २० टक्के घातले: ८३. कॅटलॉगमध्ये त्याच्या वरचं माप होतं १००वालं. विस्तार झाला नाही. मागणी घटली, एक टॉवर बंद केला. उरले ३०. यात एकानेही मूर्खपणा केलेला नाही. पंप लहान पडला तर ज्याने मागवला त्याची मान जाते, मोठा पडला तर कुणाचीच जात नाही. निदान कागदावर ज्यांची सही असते त्यांच्यापैकी कुणाची नाही.

बायपासवर साहेबांचा आक्षेप होता विजेचा, आणि तो मला पटलेला आहे. ४० घनमीटर पाणी टाकीतून उचलायचं आणि टाकीतच सोडायचं, याला महिन्याला चारेक हजार युनिट जास्त जातात. खरा उपाय म्हणजे लहान पंप. स्पीड कमी करणारा ड्राइव्ह लावा असंही कुणी सुचवलं, पण स्पीड ७० टक्क्यांवर आणला की हेड निम्मं होतं, आणि टॉवरच्या टोकापर्यंत पाणी नुसतं पोहोचून भागत नाही, नोझलमधून फवारलंही जावं लागतं. शेवटी ठरलं ते असं: लगेच बायपास, आणि पुढच्या बजेटमध्ये नवा पंप. बायपासमध्ये ४० घनमीटरच जाईल अशा भोकाची ओरिफिस प्लेट बसवली, आणि पाणी सक्शन पाइपमध्ये न सोडता टाकीत सोडलं, म्हणजे ते शांत होऊन परत येतं. सूत्राप्रमाणे शाफ्टवरचं ओझं नव्वदवरून पन्नास किलोच्या आसपास आलं. पूर्ण जात नाही, उत्तम बिंदूवरही थोडं उरतंच.

मामांनी बसवलेलं सातवं सील मी तिथली नोकरी सोडली तेव्हाही चालू होतं, एकोणीस महिने. लहान पंपाची फाइल तेव्हा परचेसमध्ये होती.

जायच्या आधी मी रेकॉर्डमधल्या त्या सहा नोंदी बदलायला गेले. ‘फिटिंग’ काढून खरं कारण घालायचं होतं. सिस्टिममध्ये बंद झालेला जॉब पुन्हा उघडत नाही, असं कळलं. विनंतीचा मेल पाठवला, त्याला तिकीट नंबर आला. पैसे कापण्याचं ते पत्रही कुणी लेखी मागे घेतलं नाही. कंत्राट नवं झालं, त्यात मामांचं नाव होतं, आणि विषय निघायचा थांबला.

मामांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, त्या दिवशीच्या चाचणीच्या आकड्यांची झेरॉक्स. मी खाली सही करून दिली. त्यांनी ती चार घड्या घालून वहीत ठेवली आणि वही रबर बँडने बांधली.

“असू दे जवळ,” म्हणाले, “साहेब बदलतात.”